माथा सोडून पायथ्याशी

मुंबईची नालेसफाई 31 मेपर्यंत उरकायची, हा महापालिकेचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. 2025 साली मोसमी पावसाने ती तारीख पाळली नाही. 26 मे रोजीच तो शहरात येऊन थडकला आणि कुलाब्याचा मे महिन्यातला 1918 सालचा विक्रम त्याने मोडला. त्या दिवशी वाहिन्यांवर आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत प्रश्न नेहमीचेच होते: पाणी कुठे तुंबले, किती तासांत ओसरले, लोकल कुठे अडकल्या, कोणत्या नाल्यातला गाळ निघायचा राहिला होता. ओसरलेले पाणी कुठे गेले आणि जाताना काय घेऊन गेले, हे फारसे कुणी विचारले नाही. ते समुद्रात गेले, आणि जवळजवळ आठ महिन्यांचे साचलेले शहर सोबत घेऊन गेले.

ऑक्टोबर ते मे या काळात शहराच्या अंगावर काय काय बसते, हे कुर्ल्याच्या भंगार गल्ल्यांत अगदी जवळून पाहता येते. तेलाची आणि रसायनांची रिकामी पिंपे तिथे धुतली जातात, ठोकून सरळ केली जातात, पुन्हा विकली जातात. उन्हाळ्यात तिथली जमीन काळीकुट्ट आणि किंचित चिकट असते. पहिली सर आली की त्या काळ्या जमिनीवर सप्तरंगी तवंग उठतो, उतार धरून गटाराच्या जाळीकडे सरकतो आणि पाव-अर्ध्या तासात दिसेनासा होतो. पावसाने जागा धुऊन काढली असे वाटते. पण गल्लीतून गेलेला तो तवंग मिठी नदीत पोचलेला असतो, आणि ओहोटी असेल तर पुढे माहीमच्या खाडीत.

भंगार गल्ली ही टोकाची जागा. पण साधा रस्ताही निरुपद्रवी नसतो. टायर झिजून पडणारी रबराची भुकटी, ब्रेकच्या पट्ट्यांतून सुटणारे तांबे, इंजिनातून थेंबथेंब गळलेले ऑइल, बांधकामाची सिमेंटधूळ, कुत्र्या-गुरांची विष्ठा, गुटख्याच्या पुड्या आणि थर्माकोल यांचा थर रस्त्यावर साचत राहतो. पावसाच्या पहिल्या लोंढ्यात यातला मोठा वाटा वाहून जातो, म्हणून पर्यावरण अभियंते त्या लोंढ्याचा हिशेब वेगळा ठेवतात. नंतरच्या संततधारेचे पाणी त्यामानाने बरेच निवळ असते.

हे पाणी किती घातक ठरू शकते, याचा धक्कादायक पुरावा डिसेंबर 2020 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सिअ‍ॅटलच्या आसपास पाऊस पडला की ओढ्यांत अंडी घालायला आलेले कोहो सामन मासे तडफडून मरत. वर्षानुवर्षे कारण सापडत नव्हते. शेवटी ते टायरमध्ये निघाले. रबर लवकर तडकू नये म्हणून त्यात घातलेल्या रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन जो पदार्थ बनतो, तो या माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक होता. तिथे कुठला कारखाना नव्हता, कुणी चोरून सांडपाणी सोडले नव्हते. नुसत्या गाड्या रस्त्यावरून धावत होत्या आणि पाऊस पडत होता. आपल्या खाड्यांतली निवटी, कालवे, चिंबोऱ्या यांच्यावर पहिल्या पावसाचा काय परिणाम होतो, हे अशा चिकाटीने शोधण्याची गरज सिअ‍ॅटलइतकीच मुंबईला आहे.

मुंबईने पावसाच्या पाण्याचा हिशेब मांडलाच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. फार मोठा हिशेब मांडला, पण तो सगळा परिमाणाचा. ब्रिमस्टोवॅड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पर्जन्यजल निचऱ्याच्या योजनेचा अहवाल 1993 साली आला आणि बरीच वर्षे पडून राहिला. मग 26 जुलै 2005 उजाडली. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्यात 75 मिलिमीटरसुद्धा नाही. दुपारी भरती होती. मुंबईत शेकडो माणसे गेली. राज्य सरकारने डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली आणि 2006 साली तिचा अहवाल आला. त्यानंतर अडगळीतली ब्रिमस्टोवॅड बाहेर निघाली, पैसा उभा राहिला, नाले रुंद झाले, शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापके बसली. आज मुंबईत कुठल्या भागात किती पाऊस पडला, हे दर पंधरा मिनिटांनी कळते. ही कमाई मोठी आहे आणि तिने माणसे वाचवली आहेत.

या योजनेतल्या एका आकड्यापाशी मात्र थांबायला हवे. शहरातल्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या आणि त्यात पडलेल्या पाण्यापैकी निम्मे जमिनीत मुरेल असे धरले होते. नव्या आराखड्यात ताशी 50 मिलिमीटर पाऊस धरला गेला, आणि मुरणारे पाणी धरले गेले शून्य. अभियंत्यांच्या भाषेत गुणांक 0.5 वरून 1 वर गेला. सुरक्षिततेच्या दृष्टीने तो निर्णय बरोबरच होता. पण त्याचा अर्थ असा की या शहरात आता एक थेंबही मुरणार नाही, हे शासकीय कागदावर गृहीत म्हणून लिहिले गेले. एकदा तसे गृहीत धरले की काम उरते ते पाणी लवकरात लवकर समुद्रात ढकलण्याचे. त्यासाठी आठ उदंचन केंद्रे आखली गेली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा सुरू झाली. त्यांतला एकेक पंप सेकंदाला 6,000 लिटर पाणी उचलून भरतीच्या समुद्रात फेकतो.

पंपांच्या अलीकडे जाळ्या असतात. पावसाळ्यात त्या जाळ्यांवर जे अडकते ते यांत्रिक दाताळ्याने वर ओढावे लागते: थर्माकोल, चपला, नारळ, गाद्या, पिशव्यांचे एकमेकांत गुंतलेले लादे. जे दिसते ते जाळीवर थांबते. तेल, तांबे, रबराची भुकटी आणि जंतू जाळीतून आरपार जातात. मुंबईत नाले समुद्रात किंवा खाडीत जिथे उतरतात त्या 186 पातमुखांपैकी बहुतेकांवर तर पंपही नाहीत आणि दरवाजेही नाहीत. तिथे सगळेच थेट जाते.

ग्रामीण महाराष्ट्राला पाणलोट विकास शिकवावा लागत नाही. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला, राळेगणसिद्धी झाले, हिवरे बाजार झाले, आणि सरकारी कार्यक्रमांतही एक सूत्र रुजले: माथा ते पायथा. आधी डोंगरमाथ्यावर चर खणायचे, झाडे लावायची, मग उतारावर बांध घालायचे, आणि सर्वांत शेवटी पायथ्याशी नाल्यावर बंधारा. उलट क्रमाने काम केले तर बंधारा दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरतो, हे गावातला शाळकरी मुलगाही सांगेल. मुंबईने नेमका हा उलटा क्रम धरला आहे. तिची सगळी मोठी बांधकामे पायथ्याशी आहेत, म्हणजे पंप, दरवाजे, जाळ्या, तरंगते अडसर. माथ्याकडे जवळजवळ काहीच नाही. मग गाळ दरवर्षी येतो आणि दरवर्षी काढावा लागतो.

या गाळाचे अर्थकारण हा वेगळा आणि क्लेशदायक विषय आहे. मे 2025 मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मिठीतला गाळ काढण्याच्या कामांत सुमारे 65 कोटी रुपयांच्या गैरव्यवहाराचा गुन्हा नोंदवला. आरोप न्यायालयात ठरतील. पण जिथे कामाचे मोजमाप म्हणजे डंपरच्या खेपा, तिथे गाळ कमी व्हावा असे वाटण्याचे कारण कुणालाच उरत नाही. गाळ कुठून येतो, कोणत्या उताराच्या, कोणत्या बांधकामाच्या मातीतून येतो, हे विचारणारी एकही निविदा निघत नाही.

मिठीचा माथा कुठे आहे? संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत. 1860 च्या सुमारास बांधलेल्या ज्या विहार तलावाचे पाणी मुंबई आजही पिते, त्याच्या सांडव्यातून ही नदी निघते. पवई तलावाचा सांडवा तिला येऊन मिळतो. म्हणजे उगमाशी ती पिण्याच्या पाण्याची नदी आहे. तिथून माहीमच्या खाडीपर्यंत जेमतेम 17.8 किलोमीटर. एवढ्या अंतरात वस्त्यांचे मैलापाणी, गोठ्यांचे शेण, साकीनाका-कुर्ल्याचे छोटे कारखाने, विमानतळाच्या धावपट्टीखाली काटकोनांत वळवलेले पात्र आणि वांद्रे-कुर्ला संकुलाचा भराव, एवढे सगळे तिच्या वाट्याला येते. तिचे पाणलोट क्षेत्र 7,295 हेक्टर. त्यावर महापालिका आहे, एमएमआरडीए आहे, विमानतळ आहे, रेल्वे आहे, वन विभाग आहे. महापालिकेचे विभाग म्हणावेत तर नदी त्यांच्या हद्दींना छेदत जाते. अंधेरी पूर्वेकडच्या अधिकाऱ्याने आपला नाला झाडून-पुसून ठेवला तरी त्याचे श्रेय कुर्ल्यात दिसायचे, आणि त्याने काहीच केले नाही तरी त्याचा त्रास कुर्ल्यालाच.

मैलापाण्याच्या बाबतीत आता खरोखर मोठी कामे चालू आहेत. जानेवारी 2023 मध्ये पायाभरणी झालेली सात मलजल प्रक्रिया केंद्रे मिळून दिवसाला 2,464 दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करतील. बापट नाला आणि सफेद पूल नाला यांचे पाणी मिठीत न जाऊ देता धारावीच्या केंद्राकडे नेणारा 6.7 किलोमीटरचा बोगदाही खणला गेला आहे. ही कामे पुरी झाली तर कोरड्या ऋतूतली मिठी ओळखू येणार नाही इतकी बदलू शकेल, आणि त्याचे स्वागत मोकळेपणाने केले पाहिजे. पण नाला अडवून वळवण्याची अशी व्यवस्था कोरड्या दिवसांतल्या प्रवाहासाठी असते. पाऊस कोसळला की नाल्याचे पाणी बांधावरून उसळून पुढे जाते, ते जावेच लागते. नाहीतर वस्ती बुडेल. म्हणजे पहिल्या पावसाचा लोंढा या अब्जावधींच्या यंत्रणेच्या डोक्यावरून समुद्रात जातच राहणार.

आणि तो जातो तरी केव्हा? पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला असतो हे एक कारण, आणि हा माशांच्या विणीचा काळ हे दुसरे. कोळीवाड्यांत होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात आणि जाळी दुरुस्तीला निघतात. कोळी दोन महिने पोटाला चिमटा काढून समुद्राला विणीसाठी मोकळे सोडतात. त्याच आठवड्यांत शहर आपला वर्षाचा सगळ्यांत मळका लोंढा त्यात सोडते. एकेकाळी मासेमारीचे गाव असलेल्या धारावीच्या कोळीवाड्याचा धंदा तर खाडी बुजत आणि नासत गेली तसा संपलाच. प्रदूषणाच्या चर्चेत मच्छीमारांचे नुकसान भावनेच्या रकान्यात टाकले जाते. ते खरे तर उपजीविकेच्या रकान्यात, रुपयांत मांडायला हवे.

पाणलोटाची रेघ शहराच्या वेशीपाशी थांबत नाही, याचे भान किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांनाही हवे. छत्तीसगडमध्ये भिलाईला लागून असलेले चरोदा हे मालगाड्यांच्या भल्यामोठ्या यार्डासाठी ओळखले जाते. हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईला येणारा रेल्वेमार्ग तिथूनच जातो, आणि दुर्ग-भिलाई-रायपूर पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे आहेत. तिथे समुद्राचा विषय निघाला तर तो सहलीचा. पण त्या भागातले पावसाचे पाणी खारून नदीकडे उतरते, खारून शिवनाथला मिळते, शिवनाथ महानदीला, आणि महानदी हिराकूड ओलांडून पारादीपजवळ बंगालच्या उपसागराला. यार्ड, महामार्ग, लोखंड-सिमेंटचे कारखाने असलेल्या कुठल्याही गावाच्या रुळांवर आणि रस्त्यांवर ऑइल गळतेच. फरक एवढाच की मुंबईत ते एका तासात समुद्रात पोचते, आणि चरोद्याचे पाणी वाटेत कितीतरी गावांच्या घशाखालून जाते. अशा गावांना अजून संधी आहे. गटारे काँक्रीटची करण्याआधी, तळी बुजण्याआधी उतार पाहून आखणी केली तर मुंबईला आज जे हजारो कोटींत करावे लागते ते त्यांना थोडक्यात करता येईल. छत्तीसगडच्या गावोगावी तळ्यांची जुनी परंपरा आहे. पाणी थांबवून निवळू देणारी इतकी स्वस्त व्यवस्था दुसरी नाही.

दाट वस्तीच्या किनारी शहरात माथ्यापासून काम होऊ शकते का, या शंकेला सिंगापूरचे उत्तर आहे. 1977 साली पंतप्रधान ली क्वान यू यांनी सिंगापूर नदी आणि कालांग खोरे दहा वर्षांत स्वच्छ करण्याचे लक्ष्य दिले. नदीच्या उतारावरची डुकरे-बदके पाळण्याची केंद्रे हलवली, फेरीवाल्यांना छपराखाली आणि नळ-गटार असलेल्या जागा दिल्या, छोटे कारखाने दुसरीकडे नेले. 1987 मध्ये काम पुरे झाले. त्यानंतर 2008 साली नदीच्या मुखाशी मरीना बराज हे धरण बांधले आणि सुमारे 10,000 हेक्टर शहरी पाणलोटातले पावसाचे पाणी पिण्यासाठी साठवायला सुरुवात केली. मिठीचे खोरे त्याहून लहान आहे. सिंगापूरमध्ये एकच सरकार होते, विरोध करणे अवघड होते आणि हलवलेल्या सगळ्यांना न्याय मिळाला असे नाही. त्याची नक्कल मुंबईत होऊ नये. पण आधी उतार, मग मुख हा तिथला क्रम मात्र हिवरे बाजारचाच आहे.

पैशाचा प्रश्न लॉस एंजेलिस काउंटीने वेगळ्या रीतीने सोडवला. नोव्हेंबर 2018 मध्ये तिथल्या मतदारांनी स्वतःवर एक कर लावून घेतला: आपल्या जागेत जेवढी जमीन पाणी मुरू देत नाही, तेवढ्यावर दर चौरस फुटाला अडीच सेंट. वर्षाला 28 कोटी डॉलरच्या आसपास रक्कम त्यातून उभी राहते आणि ती पावसाचे पाणी अडवण्या-निवळवण्यावरच खर्च होते. मुंबईच्या मालमत्ता कराच्या बिलात मलनिःसारण कर आहे, पथकर आहे, वृक्ष उपकर आहे. पावसाच्या पाण्यासाठी रकाना नाही. अंगणात फरशी घातली काय आणि माती ठेवली काय, बिल तेच. उलट सुमारे 700 किलोमीटर रस्ते एकसलग काँक्रीटचे करण्याचा कार्यक्रम महापालिकेने हाती घेतला. खड्डे नकोत, हे खरेच. पण त्या रस्त्यांच्या कडेला पाणी मुरेल अशी हातभर पट्टी ठेवायला अभियांत्रिकीची काहीच अडचण नव्हती.

इथे एक सावधगिरी हवी. ‘स्पंज शहर’, म्हणजे पावसाचे पाणी शोषून घेणारे शहर, हा शब्द हल्ली प्रत्येक आराखड्यात सापडतो. चीनमधल्या चंगचौ शहराने त्या कल्पनेवर भरपूर पैसा खर्च केला होता. 20 जुलै 2021 रोजी तिथे एका तासात 201.9 मिलिमीटर पाऊस कोसळला आणि भुयारी रेल्वेत पाणी शिरून माणसे बुडाली. 944 मिलिमीटर पाऊस कोणतीही बाग मुरवू शकत नाही. तशा दिवसासाठी पंपच लागतात, रुंद नाले लागतात, आणि त्यावर झालेला खर्च वाया गेलेला नाही. उतारावरची कामे लहान पावसांसाठी आणि पहिल्या पावसासाठी असतात. पण घाण वाहून आणणारे पाऊसही प्रामुख्याने तेच. दोन वेगळ्या रोगांची औषधे एकमेकांच्या जागी देऊन दोन्ही निकामी ठरवणे, हा आपल्या वादांतला नेहमीचा गोंधळ आहे.

मोगरा आणि माहुल ही उरलेली दोन उदंचन केंद्रे जागेच्या आणि न्यायालयीन अडचणींत बरीच वर्षे रखडली. त्यांच्यामागच्या नाल्यांचा आराखडा माथ्यापासून करून पाहायला हीच वेळ आहे. माहुलचे पाणी ठाणे खाडीकडे जाते. त्याच खाडीचा वरचा भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून 2022 मध्ये पाणथळींच्या रामसर यादीत आला, आणि या पाणलोटात तेलशुद्धीकरण कारखाने, खत कारखाना, ट्रकतळ आणि चेंबूरची दाट वस्ती आहे. नाल्याचे पाणलोट नकाशावर एक एकक म्हणून आखावे आणि त्याला एकच जबाबदार अधिकारी द्यावा, मग ते कितीही विभागांत पसरलेले असो. मे महिन्यात रस्ते पाण्याने धुऊ नयेत, कोरडे झाडून ती धूळ गोळा करावी. मुख्य रस्त्यांचे झाडणे पावसाच्या तोंडावर दोनदा झाले तरी नाल्यातल्या कित्येक डंपर गाळाइतके काम होईल. गॅरेज आणि भंगार व्यवसाय उठवून लावण्यापेक्षा त्यांना छप्पर आणि तेल अडवणारा खड्डा द्यावा. ती माणसे शहराचा टाकलेला माल पुन्हा वापरात आणतात. उघड्यावर होणारे काम छपराखाली गेले तरी तवंगाचा मोठा भाग थांबतो. उद्याने रस्त्यापेक्षा उंच बांधण्याची सवय सोडून ती वीतभर खोल ठेवली तर पहिल्या सरीचे पाणी तिथे उतरून मातीतून गाळले जाईल. प्रमोद महाजन उद्यानाखाली हिंदमाता भागात तुंबणाऱ्या पाण्यासाठी महापालिकेने टाक्या बांधल्या, म्हणजे उद्यान पाणी घेऊ शकते हे तिला मान्य आहेच.

आणि मोजणी. मिठीच्या पाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळ महिन्यातून एकदा घेते. महिन्यातला कोणताही एक दिवस पहिल्या लोंढ्याबद्दल काही सांगू शकत नाही. पाऊस सुरू झाल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत एक, अर्ध्या तासाने एक, दोन तासांनी एक आणि दुसऱ्या दिवशी एक, असे चार नमुने माहुल नाल्याच्या तीन पुलांवरून घ्यायचे झाले तर बारा बाटल्या लागतील. त्यांत तेल, तांबे, जस्त, जंतू आणि गाळ तपासायचा. मुंबईत आयआयटी आहे, आयसीटी आहे, रसायनशास्त्र शिकवणारी कितीतरी महाविद्यालये आहेत. जूनमध्ये त्यांच्या प्रयोगशाळा उघड्या असतात. बाटल्या आधी धुऊन, बर्फाची पेटी तयार ठेवून, आकाश भरून आल्यावर पुलावर जाऊन उभे राहणारी माणसे तेवढी नेमावी लागतील, आणि रात्री दोन वाजता पाऊस आला तर रात्री दोन वाजता.